पाहुण्यांसाठी राखलेली बांधी

रोवणीच्या, म्हणजे भाताची रोपं लावायच्या दिवसांत रिकामी राहिलेली बांधी लांबूनही ओळखू येते. बांधी म्हणजे चारी बाजूंनी बांध घातलेलं शेत. चहूकडे हिरवं झालेलं असतं आणि मधेच गढूळ पाण्याचा एक चौकोन उरतो. बगळे नेमके तिथेच उतरतात. सत्तरीचं दशक संपत आलं होतं तेव्हाच्या एका पावसाळ्यात असा एक चौकोन मी जाता-येता पाहत होते. तो परदेशी पाहुण्यांसाठी राखून ठेवलेला होता.

मी तेव्हा पंचायत समितीत ग्रामसेविका होते. माहेर करडीकडचं, म्हणजे धानात, भाताच्या शेतीतच वाढलेली. सासर अड्याळचं. नवरा तिकडे शिक्षक आणि मी नोकरीच्या गावी एका भाड्याच्या खोलीत. सायकलवरून गावं फिरायची, बायांना बिनधुराची चूल लावून द्यायची, बाळांची वजनं घ्यायची, परसात भाजी लावायला सांगायचं, असं माझं काम. चूल लावून दिली की बाया तिच्यावर डबे ठेवत आणि स्वयंपाक जुन्याच चुलीवर करत. मला त्याचं वाईट वाटत नसे. काम म्हटलं की असंच असतं.

उन्हाळा संपता संपता गटविकास अधिकाऱ्यांनी आम्हा सगळ्यांची बैठक बोलावली. आम्ही त्यांना साहेब म्हणत असू. साहेबांनी सांगितलं, निरनिराळ्या देशांतले तरुण अधिकारी आपला देश बघायला येत आहेत. उद्या त्या त्या देशाचा कारभार हेच लोक चालवणार. दिल्ली, मुंबई झाली की नागपूर, आणि नागपूरहून एक दिवस आपल्या तालुक्यात. त्यांना खरं खेडं बघायचं आहे.

एकाने आंबागडचा किल्ला सुचवला. पावसात पाहुण्यांना गड कोण चढवणार, म्हणून तो विषय मिटला. मग साहेबच म्हणाले, "आपण रोवणी दाखवू. बायका गाणी म्हणत रोवतात ना? तेच."

साहेब पश्चिमेकडचे, ज्वारी-बाजरीच्या मुलखातले. माणूस वाईट नव्हता. रोवणी म्हणजे झेंडावंदनासारखा कार्यक्रम, तारीख ठरवली की त्या दिवशी होतो, असा त्यांचा खरोखरच समज होता. खोलीत धानवाले अर्ध्याहून जास्त होते. त्यांनी वह्यांत 'रोवणी' लिहून घेतलं. मी म्हणाले, "साहेब, वाफ्यातले परे, म्हणजे रोपं, तयार झाले की रोवावे लागतात. ते थांबत नाहीत." साहेब म्हणाले, "एकच शेत तर ठेवायचं आहे, बाई."

जे शेत ठरलं ते एका विधवा बाईचं होतं. मी तिला मावशी म्हणायची. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, घरात ती आणि आठवीतली मुलगी. तीन बांध्या होत्या. दोन आतल्या बाजूला, लहान. तिसरी मोठी, थेट रस्त्याला लागून, शेजारी मोहाचं झाड. जीप सावलीत उभी राहील आणि पाहुण्यांचे बूट चिखलात जाणार नाहीत, एवढ्यासाठी ती बांधी पसंत पडली. मावशीचं वर्षाचं धान मुख्यतः त्याच बांधीतून यायचं.

साहेब स्वतः तिच्या घरी गेले. मी सोबत होते. मावशीने खाट टाकली, पाणी दिलं आणि उभ्यानेच ऐकून घेतलं.

"रोवणी कोनासाठी थांबते का, सायेब?"

"दोन-चार दिवस इकडे-तिकडे, मावशी. तुमच्या शेतात परदेशचे लोक येतील. देशाचं नाव होईल."

"नाव होऊ द्या जी. मले काय भेटन?"

साहेब हसले. त्यांना वाटलं, बाई गंमत करते. मावशी गंमत करत नव्हती. "तलावाचं तुडूम बांधून देजा," ती म्हणाली, "मंग ठेवतो बांधी."

तुडूम म्हणजे तलावाच्या पाळीखालून पाणी सोडायची दगडी मोरी. त्या गावचा तलाव जुना, मालगुजाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या काळातला, आणि मोरी कधीची फुटलेली. पाणी पावसाळाभर गळून जाई. दिवाळीच्या सुमारास धान लोंबीवर येतं तेव्हा शेवटचं एक पाणी लागतं, आणि नेमकं तेव्हाच तलावाच्या खालच्या टोकाला काही पोहोचत नसे. खालच्या टोकाच्या शेतकऱ्यांनी किती वेळा अर्ज केले असतील ते सांगवत नाही. मावशीची शेतीही त्याच टोकाला. म्हणजे तिने स्वतःपुरतं काही मागितलं नव्हतं, आणि स्वतःसाठी मागितलं नव्हतं असंही नाही. मला ते आवडलं.

साहेबांनी खाटेवर बसल्या बसल्या शब्द दिला. पुढच्या आठवड्यात गाडीभर सिमेंट आलं, गवंडी आला. इतकी वर्षं जे झालं नाही ते पाहुण्यांच्या नावाने झालं.

पाऊस वेळेवर लागला. मावशीने सगळ्यांच्या बरोबरीने परे टाकले, म्हणजे वाफ्यात बी टाकलं. महिन्याच्या आत परे रोवणीला आले. आतल्या दोन बांध्या तिने रोवून घेतल्या. मोठी चिखल करून ठेवली, तिचे परे वाफ्यात तसेच ठेवले. पाहुणे यायला चार दिवस होते. मग निरोप आला, त्यांचा दौरा लांबला आहे. मग आणखी एक निरोप आला. मग वैनगंगेला पूर आला आणि भंडाऱ्याकडची वाट बंद पडली. पूर ओसरल्यावर तिसरी तारीख मिळाली, तीही बऱ्याच लांबची.

धानवाल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही, पण ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. परे वेळेत उपटून रोवले तर ते नव्या जागी फुटवे धरतात, एकाचे दहा होतात. वाफ्यात राहून गेले की जून होतात, बुडाला गाठ धरतात. मग रोवले तरी फुटत नाहीत. उंच वाढतात, पिवळे पडतात आणि दोन-चार दाणे देऊन मोकळे होतात.

मी साहेबांकडे गेले. म्हणाले, बाईला रोवू द्या. पाहुण्यांना रोवलेलं शेत दाखवू, तेही शेतच आहे. साहेब म्हणाले, "वर रोवणी कळवली आहे. आता मी काय कळवू, संपली म्हणून?"

"हो. तसंच."

"बाई, तुम्ही तुमच्या चुलींचं बघा."

तिथून मी सायकल थेट मावशीकडे घातली आणि सरळ सांगितलं, "रोवून टाक. साहेब काय फाशी देणार आहेत का?"

मावशी वाफ्याच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर बसली होती. परे गुडघ्याला लागत होते. "अन् तुडूम?" ती म्हणाली.

तुडूम अर्धंच झालं होतं. माती उकरून मोकळी केलेली, दगड एका बाजूला रचलेले, गवंडी रोज थोडं थोडं करत होता. त्याला बिल मिळायचं होतं आणि ते पाहुणे येऊन गेल्यावर मिळणार होतं. एवढ्यात खालच्या टोकाचे चार-पाच जण आले. मी येताना त्यांनी पाहिलं असावं. त्यांच्यातला एक म्हातारा छत्री टेकवून उभा राहिला.

"सेविकाबाई, तिले काय शिकवून राहिल्या तुमी?"

"रोवायला सांगते आहे."

"हे आज रोवन, अन् उद्या गवंडी आपली थापी घेऊन निंगून जाईन. उकरलेली पाळ तशीच राहीन. मंग तं हाये ते पानी बी गेलं." मग मावशीकडे वळून तो म्हणाला, "तुह्या बांधीचं धान आमी भरून देऊ वं. घरोघरी कुडव-कुडव काढू."

"तोंडानं तं सारेच भरतेत, भासरेबुवा," मावशी म्हणाली. नात्याने तो तिचा भासरा, म्हणजे थोरला दीर लागायचा.

म्हातारा लागेल असं बोलला नव्हता आणि खोटंही बोलला नव्हता. ती पाळ उघडी राहिली असती तर टोकाच्या सगळ्यांचंच गेलं असतं.   मावशी पदर झटकून उठली आणि म्हणाली, "जाऊ द्या. ठेवतो."

पाहुणे शेवटी आले तेव्हा गावभरची रोवणी उरकून गेली होती. दुसऱ्यांचं धान हिरवंगार होऊन वाऱ्यावर हलायला लागलं होतं. आदल्या दिवशी साहेबांनी बायांना जमवून सूचना दिल्या होत्या. चांगली लुगडी नेसा. गाणी म्हणा. आणि पाहुण्यांकडे काही मागायचं नाही.

हे शेवटचं मुद्दाम सांगावं लागलं, कारण आमच्याकडे रोवणीवाल्या बायांची एक रीत आहे. धुऱ्यावरून कोणी चांगल्या कपड्यांतला माणूस निघाला की पऱ्यांची एक पेंडी, म्हणजे जुडी, त्याच्या वाटेत आडवी ठेवायची. ती त्याने ओलांडायची नाही. एकतर बायांना खाऊपुरतं काही द्यायचं, नाहीतर चिखलात उतरून पेंडी रोवायची. तलाठी, मास्तर, जावई, कोणी सुटत नाही. साहेबांना कोणीतरी हे सांगितलं होतं आणि त्यांना ते भीक मागण्यासारखं वाटलं होतं.

साहेब गेल्यावर एक बाई म्हणाली, "नवं लुगडं नेसून गाऱ्यात कोन उतरते वं? सायेबाची बायको?"

"ते तं बंगल्यातच रोवत असन," दुसरी म्हणाली. मावशी हसली नाही.

जीपा आल्या. गावाने रस्ता झाडला होता, शाळेची पोरं रांगेत उभी होती. सगळ्यांना गोरे साहेब येणार असं वाटत होतं. मलाही, खरं सांगायचं तर. आमच्या साहेबांनाही तेच वाटत असावं, नाहीतर त्यांनी रोवणी दाखवायचं ठरवलंच नसतं. उतरले ते आफ्रिकेतले आणि पूर्वेकडच्या देशांतले लोक. कोणी आमच्याहून काळे, कोणी आमच्याएवढेच.

पारावरची एक म्हातारी मला म्हणाली, "हे तं आपल्यावानीच हायेत वं. गोरे मांगून येऊन राहिले का?"

पाहुणे धुऱ्याशी येऊन उभे राहिले. बायांनी गाणं सुरू केलं आणि सकाळी उपटलेल्या पेंड्या सोडून रोवायला लागल्या. परे मांडीला लागतील इतके उंच झालेले, शेंड्याला पिवळे. बायांना ते हातात धरायलाही जड जात होते. पाहुण्यांतल्या तिघा-चौघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि मग दुसरीकडे पाहिलं. मी धानात वाढलेली आहे. ती नजर मला कळली. हे लोक भात खाणारे आणि भात पिकवणारे होते. आम्ही काय केलं आहे ते त्यांना जीपेतून उतरल्याबरोबर दिसलं होतं आणि पाहुणा म्हणून ते गप्प राहिले होते. आमचे साहेब त्यांना इंग्रजीत तलावाचं क्षेत्रफळ सांगत होते.

त्यांच्यात एक बाई होती, पश्चिम आफ्रिकेतल्या कुठल्याशा देशातली, तिकडच्या सहकार खात्यात अधिकारी. पस्तिशीची असेल, अंगाने भरलेली, डोक्याला कापड बांधलेलं. ती धुऱ्यावरून एकटीच पुढे निघाली. मावशी चिखलातून सरळ झाली, एक पेंडी उचलली आणि तिच्या पायापुढे आडवी ठेवली.

गाणं थांबलं. साहेब लांबून म्हणाले, "मावशी, काय ठरलं होतं आपलं?"

मावशी त्यांच्याकडे पाहत नव्हती. तिला खाऊ नको होता, हे मला दिसत होतं. तिला ते परे कोणीतरी हातात घेऊन पाहायला हवे होते.

पाहुणीने माझ्याकडे पाहिलं. मी मोडक्या इंग्रजीत रीत सांगितली. तिने खाली वाकून पेंडी उचलली, एक काडी ओढून काढली आणि बुडाशी बोटाने चाचपली. गाठ तिला लागली. मग तिने मला विचारलं, "तुम्ही इतका उशीर का केलात? पाऊस नव्हता का?"

साहेब जवळ येऊन पोहोचले होते. पाऊस नव्हता असं म्हणून चाललं असतं. पाहुण्यांबरोबर नागपूरहून आलेला दुभाषी साहेबांमागून धावत आला होता, तो तेच म्हणायला निघाला होता. मी म्हणाले, "पाऊस होता. तुमच्यासाठी ठेवलं."

 हे शेत कोणाचं, एवढं तिने विचारलं. मी मावशीकडे बोट दाखवलं. पाहुणीने चपला काढून धुऱ्यावर ठेवल्या, झगा गुडघ्याच्या वर खोचला आणि बांधीत उतरली. पोटरीपर्यंत चिखल असूनही ती डगमगली नाही.

पुढचं सगळं हातांनीच झालं. तिने मावशीच्या कमरेचा विळा खुणेने मागितला. पेंडी मुठीत धरून वरचे पिवळे शेंडे सपकन छाटले. मग नेहमीच्या दोन-तीन काड्यांऐवजी पाच-सहा काड्या एकत्र धरून रोवल्या, आणि त्याच्या अगदी जवळ पुढच्या पाच-सहा. फुटवे येणार नाहीत तर काड्याच जास्त घालायच्या, असा तो हिशोब असावा. एक ओळ रोवून ती सरळ झाली आणि मावशीच्या हातात विळा परत दिला.

बाया घोळका करून पाहत होत्या. एक म्हणाली, "शेंडे छाटले तं धान मरन का नाही?"

"मरून तं राहिलंच हाये," मावशी म्हणाली. "छाट."

बायांनी छाटायला सुरुवात केली. त्या दोघी शेजारी शेजारी उभ्या राहून मागे मागे सरकत रोवत गेल्या. गाणं मग कोणी म्हटलं नाही. बाकीचे पाहुणे मोहाखाली उभे होते. त्यांतल्या एकाने बूट काढायला घेतले, पण साहेबांनी जेवण थंड होईल म्हणून सगळ्यांना जीपांकडे नेलं. ती बाई शेवटी चढली. मावशीने तिच्या पायांवर घागरीने पाणी ओतलं.  जीप गेल्यावर मावशी मला म्हणाली, "तिले समजते."

साहेबांनी त्यानंतर बदली होईपर्यंत माझ्याशी शिपायामार्फत बोलणं ठेवलं. समोरासमोर बसलेलो असलो तरी, "बाईंना विचार, चुलींचं किती झालं?" मी शिपायालाच उत्तर देई. कामाला त्याने काही अडलं नाही.

तुडूम पूर्ण झालं. दिवाळीला खालच्या टोकापर्यंत पाणी गेलं, कित्येक वर्षांत पहिल्यांदाच. टोकाच्या लोकांचं धान भरलं. मावशीच्या मोठ्या बांधीत दरवर्षीच्या निम्मं आलं. नेहमीसारखं दोन-तीन काड्यांनी रोवलं असतं तर तेही आलं नसतं असं सगळे म्हणाले. खरं असेल. पण निम्मं ते निम्मंच. घरात निम्मं वर्ष भरतं, उरलेलं निम्मं कुठून तरी आणावं लागतं.

मी मुद्दाम मळणीच्या दिवसांत तिच्याकडे गेले. खळ्यावर तो छत्रीवाला म्हातारा आला होता, कुडव म्हणजे मापभर धान घेऊन. त्याच्यामागे आणखी काही घरं होती. सगळी नव्हती.

"घे वं. बोललो होतो," म्हातारा म्हणाला.

"धान नको, भासरेबुवा."

"काहून? रुसली का?"

"रुसून काय करतो? धान आज घेतो, होळीपर्यंत खातो. मंग तुमी म्हनसान, फिटलं. पुढच्या वर्षी आनखी कोनी सायेब येईन, तुमी आनखी माह्याच दारात उभे राहसान. मले हात द्या. रोवणीच्या पयल्या दिवशी घरोघरची एक-एक बाई माह्या बांधीत पायजे. पयली माही बांधी. मंग तुमच्या."

"अन् या वर्षी काय खाशीन?"

"ते मी पाहीन."

पाहिलं ते असं. त्या उन्हाळ्यात ती रस्त्याच्या कामावर गिट्टी फोडायला गेली आणि मुलीलाही सोबत नेलं. मी मुलीच्या शाळेबद्दल दोनदा बोलले. पहिल्यांदा मावशी म्हणाली, "पावसाळ्यात जाईन." दुसऱ्यांदा तिने हातोडी उचलून पुढचा दगड घेतला. मुलगी पुन्हा शाळेत गेली नाही. अशा गोष्टी कधीतरी ठरतात असं नसतं. नाव पटावरून निघून जातं आणि मग आपल्याला कळतं.

पुढच्या पावसाळ्यात परे तयार झाले त्या दिवशी टोकाच्या घरांतल्या बाया मावशीच्या मोठ्या बांधीत उतरल्या. ज्या घरांनी कुडव आणला नव्हता तिथल्याही आल्या. दुपारपर्यंत बांधी रोवून झाली. मावशीने सगळ्यांना चणे आणि गूळ वाटला. गावातलं पहिलं हिरवं शेत ते.

तेव्हा नवे साहेब आले होते. थोड्याच दिवसांनी त्यांनी मला बोलावलं. परदेशी अधिकाऱ्यांची आणखी एक तुकडी येणार होती. मागच्या वेळची ती रस्त्याकडेची जागा सोयीची आहे असं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. मी त्यांना घेऊन गेले. मावशी धुऱ्यावर गवत कापत होती.

"ही तर रोवून झाली," साहेब म्हणाले. "दुसरी एखादी रिकामी ठेवता येईल का?"

"रिकामी पायजे तं बंगल्यापुढं लय जागा हाये, सायेब. तिथं पानी भरा. बाया आमी पाठवतो."

साहेब माझ्याकडे पाहू लागले. त्यांना मराठी येत होती, समजावून सांगण्यासारखं त्यात काही नव्हतं. मी म्हणाले, "हिरवंच दाखवू, साहेब. तेही शेतच असतं."

तसंच झालं. पाहुणे आले, मोहाखाली थोडा वेळ उभे राहिले. मी त्यांना तलाव दाखवला आणि नवं तुडूम दाखवलं. ते कशाच्या बदल्यात झालं हे कोणी विचारलं नाही, म्हणून मी सांगितलं नाही. मागच्या वर्षीच्या त्या बाईसारखं धुऱ्यावरून एकटं पुढे कोणी गेलं नाही. निघताना मावशीची मुलगी डोक्यावर गवताचा भारा घेऊन रस्त्याने आली. वर्षभरात ती उंच झाली होती. पाहुण्यांतल्या एकाने कॅमेरा वर केला आणि आधी आईला विचारा, असं मला खुणेने सांगितलं. चांगला माणूस असावा.

मी मावशीला विचारलं.

"काढू द्या," मावशी म्हणाली. "पन जल्दी काढा म्हना. तिले निंदणाले जा लागते."